इंजिनाचे माप आणि चालकाची पसंती

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून विमानापर्यंत बहुतेक विषय बोलून झालेले असतात. त्या मानाने मोटारीच्या इंजिनाचे माप हा विषय बराच तेलकट आहे. तरीही ज्याने पोटासाठी मोटार चालविली त्याला याहून जिव्हाळ्याचा विषय क्वचितच सापडेल. आमची उमेदीची वर्षे मुंबईच्या टॅक्सीचालकांची संघटना बांधण्यात गेली, म्हणून बोलावयाचेच तर याच विषयावर चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले. आम्ही इंजिनिअर नाही. आमचे यंत्रज्ञान उघड्या बॉनेटपाशी मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून मिळविलेले आहे. बाकीचे जुन्या बाजारातल्या माहितीपुस्तकांनी शिकविले.

जुन्या मोटारींच्या शौकिनांत बसले की 'कोणत्या मापाचे इंजिन सर्वांत चांगले' हा प्रश्न हटकून निघतो. एक म्हणतो अकराशे, दुसरा म्हणतो पंधराशे, तिसऱ्याला अमेरिकन साडेतीन लिटरच्या खाली काही दिसतच नाही. हाच प्रश्न टॅक्सीच्या अड्ड्यावर विचारून पाहावा. तिथे वाद होत नाही. तिथला माणूस उलट विचारतो, "पेट्रोल कुणाच्या खिशातून?" आमच्या मते या विषयाची किल्ली या उलट प्रश्नात आहे. पण तिच्याकडे जाण्याआधी माप म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे, कारण सी.सी. हा शब्द सर्वांच्या तोंडी असला तरी त्याचा अर्थ विचारला की पुष्कळजण छताकडे पाहू लागतात.

सी.सी. म्हणजे घन सेंटिमीटर. इंजिनात सिलिंडर असतात. सिलिंडर म्हणजे आतून गुळगुळीत केलेली लोखंडी नळी. तिच्यात पिस्टन वरखाली होतो. सायकलला हवा भरण्याचा पंप डोळ्यांपुढे आणावा. पंपाच्या नळीची आतली रुंदी म्हणजे बोअर आणि दट्ट्या वरखाली जितका सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. दट्ट्या एकदा पुरता ओढला की जितकी हवा आत मावते तितके त्या नळीचे माप, आणि अशा सर्व नळ्यांची बेरीज म्हणजे इंजिनाचे माप. फियाट अकराशेचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर आणि सिलिंडर चार. गुणाकार केला की १,०८९ घन सेंटिमीटर येतात, म्हणजे एक लिटरहून जरासे अधिक. अँबॅसडरचा बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक जवळजवळ ८९. माप १,४८९, म्हणजे दीड लिटरला थोडे कमी. बोलण्यात एकीला अकराशे म्हणत, दुसरीला पंधराशे.

इंजिन मोठे असले की एका फेऱ्यात हवा आणि पेट्रोल अधिक आत जाते, आणि पिस्टनवर बसणारा धक्काही अधिक जोराचा असतो. म्हणून मोठे इंजिन सावकाश फिरत असतानाही गाडी ओढून नेते. चालक याला 'ओढ' म्हणतात. लहान इंजिनाला तेवढेच काम करावयाचे तर अधिक वेळा फिरावे लागते. बारक्या चणीच्या हमालाने दोन खेपा कराव्यात तसे. त्यातही स्ट्रोक लांब असला तर ओढ खालच्या वेगातच मिळते, आणि बोअर व स्ट्रोक जवळजवळ सारखे असले तर इंजिन भराभर फिरावयाला राजी असते. अँबॅसडरचे इंजिन पहिल्या जातीचे आणि फियाटचे दुसऱ्या. दोन्ही गाड्या चालविलेल्या माणसाला हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. क्लच सोडताना डाव्या पायालाच ते कळते.

आता किल्लीकडे येऊ. कोणत्या देशाला कोणत्या मापाची गोडी लागली हे पाहिले तर प्रत्येक ठिकाणी पेट्रोलची किंमत आणि सरकारचा कर या दोन गोष्टी पडद्यामागे उभ्या दिसतात. अमेरिकेत तेल घरच्याच जमिनीतून निघत होते. तिथे १९३२ साली फोर्डने साध्या माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. त्याचे माप २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे इंजिन १९३७ पासून साडेतीन लिटरचे होते. या इंजिनांचे गुण मोठे होते. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून विसरून जावे, चढ आला तरी गिअर बदलावयास नको, इंजिन कुठे रागावल्यासारखे करीत नाही. अशा गाडीची सवय लागलेल्याला लहान इंजिन म्हणजे कटकट वाटावी यात नवल नाही. फक्त तिची तहान भागविणारा कोणी हवा.

इंग्लंडची कथा अधिक गमतीची आहे. १९२१ पासून तिथे मोटारीवर घोड्यांच्या हिशेबाने कर बसला, दर घोड्यामागे एक पौंड. घोडे मोजण्याची रीत अशी: बोअरचा इंचांतला वर्ग करावयाचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे. या हिशेबात स्ट्रोक कुठेच नाही! कारखानदारांनी हे ताबडतोब हेरले. नळी अरुंद ठेवा आणि लांब करा. कर वाचतो आणि ओढही मिळते. १९४८ साली आलेल्या पहिल्या मॉरिस मायनरचे इंजिन जुन्या मॉरिस एटमधलेच होते: बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ९०, माप ९१८ सी.सी., आणि सरकारदप्तरी घोडे आठ. त्याच वर्षी इंग्लंडात नव्या गाड्यांना सरसकट एकच कर लागू झाला आणि ते कोष्टक रद्द झाले, पण त्या कोष्टकाने घडविलेली लांब नळीची सवय पुढे कित्येक वर्षे टिकली. आपल्या अँबॅसडरच्या पोटातली ओढ ही त्या घराण्याची आहे. फ्रान्समध्येही कर घोड्यांवर होता, आणि सित्रोएनने तर गाडीचे नावच 'दोन घोडे' ठेवले. १९४८ साली ती आली तेव्हा तिचे इंजिन अवघे ३७५ सी.सी.चे होते.

इटलीत पेट्रोल महाग आणि लोकांचा खिसा हलका. तिथे दान्ते जाकोझा नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली फियाटने १९३७ साली '५०८ सी' ही गाडी काढली. तिचे इंजिन ६८ गुणिले ७५, म्हणजे आपले ओळखीचे १,०८९ सी.सी. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे अशी ही गोष्ट आहे. १९५३ साली फियाटने नव्या अंगाची अकराशे बाजारात आणली तेव्हा माप तेच ठेवले, ती मुंबईला आली तेव्हाही तेच, आणि मुंबईत विसावे शतक संपेपर्यंत त्याच मापाची पेट्रोल इंजिने तयार होत राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आखलेले माप आपण जागतिकीकरणापर्यंत वापरले. याला कोणी मागासलेपणा म्हणेल. आम्ही थोडे निराळे म्हणू, पण ते पुढे.

मुंबईत मोटारी जोडण्याचे काम जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना घातला होता. १९४४ साली वालचंद हिराचंद यांच्या समूहाने प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तिथे डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईत टॅक्सी म्हणून अशा धिप्पाड अमेरिकन गाड्याही धावत. आम्ही चळवळीत आलो तेव्हा ज्यांनी त्या चालविल्या असे म्हातारे चालक अड्ड्यावर भेटत. त्यांच्या बोलण्यात त्या गाड्यांचा गौरव असे, आणि गौरव संपला की पेट्रोलचा विषय निघे.

१९५३ साली सरकारने ठरविले की नुसत्या परदेशी पेट्या फोडून गाड्या जोडणाऱ्यांना यापुढे मुभा नाही. ज्यांच्याजवळ भाग इथे बनविण्याची योजना आहे त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. मोटारीत उरले मुख्यतः तिघे: मुंबईचे प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याचे हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासचे स्टँडर्ड. प्रीमियरची फियाट अकराशे १९५४ पासून, हिंदुस्थानची अँबॅसडर १९५७-५८ पासून, आणि स्टँडर्डची हेराल्ड १९६१ पासून. अँबॅसडरमध्ये आरंभी १,४७६ सी.सी.चे जुन्या धाटणीचे इंजिन होते. १९५९ साली १,४८९ चे आले. हेराल्डचे ९४८ सी.सी.; ती दिसावयास देखणी, पण आरंभी दोनच दारांची. दोन दारांच्या गाडीत मागे पॅसेंजर कसा बसवावयाचा? टॅक्सीच्या धंद्यातून ती परीक्षेआधीच बाद झाली.

तेव्हा 'पसंती' हा शब्द आपण जरा जपून वापरला पाहिजे. ज्या देशात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि निवडीला तीन गाड्या होत्या, तिथल्या पसंतीत नाइलाजाचा वाटा मोठाच असणार. तरीही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी अकराशेला धरले आणि कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांनी पंधराशेला, हे निव्वळ योगायोगाने घडलेले नाही. कारखाना जवळ असणे हे एक कारण उघड आहे. कुर्ल्याला इंजिने बनत, कुर्ल्याच्याच भंगारबाजारात त्यांचे सुटे भाग मिळत. त्याच्या पुढची कारणे मात्र मापात आहेत.

हिशेब समजण्यापुरते आकडे धरू. शहराच्या गर्दीत फियाट लिटरला अकरा किलोमीटर जाते आणि अँबॅसडर नऊ. टॅक्सी दिवसाला शंभर किलोमीटर फिरली. फियाटला नऊ लिटर लागले, अँबॅसडरला अकरा. फरक रोजचा दोन लिटर. महिन्याचे सव्वीस दिवस धंदा केला तर बावन्न लिटर. आता मुंबईची पद्धत ध्यानात घ्यावी. ज्याची स्वतःची गाडी नाही असा चालक मालकाला शिफ्टमागे ठरलेली रक्कम देतो आणि पेट्रोल पदरचे घालतो. मीटरवर जे मिळाले त्यातून या दोन रकमा वजा जाऊन उरेल ती त्याची रोजी. गाडी कोणती घ्यावयाची हे ठरवितो मालक आणि इंजिनाची तहान भागवितो चालक. मीटर तर दोन्ही गाड्यांना सारखाच. म्हणून ते बावन्न लिटर म्हणजे कोणाच्या घरचे शाळेचे दप्तर, कोणाच्या घरचे खोलीचे भाडे.

इंजिन लहान असूनही फियाटचे काम भागत असे, कारण ती अँबॅसडरपेक्षा दोनएकशे किलोंनी हलकी होती. तिचे वजन नऊशे किलोंच्या आतबाहेर. त्यात चालक, चार पॅसेंजर आणि बोचकी धरली तर साडेबाराशे किलो होतात. ते ओढावयाला सुमारे चाळीस घोडे. म्हणजे दर घोड्यामागे तीस-एकतीस किलो. मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर आणि दादरच्या सिग्नलांवर याहून अधिक घोडे असून उपयोग काय? ते उभ्या उभ्या चरत राहणार. शिवाय अँबॅसडर फियाटपेक्षा जवळजवळ वीतभर रुंद. भुलेश्वरच्या गल्लीत हातगाडी आणि भिंत यांच्यामधून गाडी काढावयाची तर ती वीत सी.सी.पेक्षाही महत्त्वाची ठरे.

घाटात मात्र पारडे फिरते, आणि तेवढे कबूल केले पाहिजे. बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने भरलेली फियाट वर नेणे हे एप्रिल-मे महिन्यात तपश्चर्येचे काम होते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घोंगावते आहे, उष्णतेचा काटा वर चढतो आहे, आणि पॅसेंजर विचारतो आहे की पोचू का. वळणावळणावर बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजीत बसलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना निराळे सांगावयास नको. कधी उष्णतेने पंपातल्या पेट्रोलचीच वाफ होई आणि इंजिन गप्प बसे. मग पंपावर ओले फडके गुंडाळावयाचे आणि विडी ओढीत वाट पाहावयाची. फडके दोन्ही गाड्यांना लागे. पण अँबॅसडर तोच चढ कमी आरडाओरडा करून चढे, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर सहा-सात माणसे व छपरावर ट्रंका घेऊन चालण्याची तिची तयारी असे. खेडोपाड्यांत लग्नाच्या वऱ्हाडाला अँबॅसडर का, याचे उत्तर त्या ८९ मिलिमीटर स्ट्रोकमध्ये आहे. सरकारी साहेबांना ती का आवडे, याचे उत्तर त्याहून सोपे आहे. सरकारी गाडीचे पेट्रोल सरकारचे!

कलकत्त्याच्या चालकाला आपण दोष देऊ नये. त्यालाही रोजीच काढावयाची होती. त्याच्या कारखान्याने त्याला दुसरी वाट दिली: १९८० साली अँबॅसडरमध्ये डिझेलचे इंजिन आले, मापाने तेच १,४८९ सी.सी.चे. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त, लिटरला अंतरही जास्त. जोर इतका बेताचा की पुढच्या ट्रामला मागे टाकण्याचा विचार दोनदा करावा लागे. पण टॅक्सीवाल्याला कोणत्या शर्यतीत उतरावयाचे होते? पंधराशेचे मोठे माप आणि अकराशेपेक्षाही कमी खर्च, असे हे लग्न जमले. पुढे मुंबईतही फियाटमध्ये डिझेल इंजिने बसविण्याची लाट आली. त्या धुराविषयी नागरिक न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २००० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सी सी.एन.जी. वायूवर आल्या. वायूवर इंजिनाची ओढ थोडी घटते. चालकांनी ती घट तक्रार न करता पत्करली, कारण खर्च त्याहून कितीतरी अधिक घटला.

आता आमच्या धंद्यातल्या खऱ्या दुखण्याकडे येतो. इंजिनाचे माप कारखान्यातून निघताना १,०८९ असते. पण इंजिन झिजते. पिस्टनच्या रिंगा खातात, सिलिंडरची भिंत खाते, आणि धक्का पिस्टनवर बसण्याऐवजी वायू फटींतून खाली निसटतो. गाडी निळा धूर सोडू लागते, ऑइल पिते, आणि अकरा किलोमीटरचे नऊ होतात, नवाचे आठ. याचा उपाय म्हणजे इंजिन खोलणे, सिलिंडर पुन्हा घासून थोडे रुंद करणे आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालणे. मिस्त्री लोक याला बोअर करणे म्हणतात. यात एक गमतीचा हिशेब आहे. समजा, ६८ मिलिमीटरचा बोअर ६९ झाला. तर इंजिनाचे माप १,१२२ सी.सी. होते. दप्तरात १,०८९ लिहिलेली टॅक्सी रस्त्यावर तेहतीस सी.सी. अधिक घेऊन फिरत असते! एका चालकाने आम्हाला हसत विचारले होते, "साहेब, वाढलेल्या सी.सी.चा कर भरायचा का?"

पण हे काम करावयाचे कोणी? खर्च मालकाचा. न केल्यास भुर्दंड कोणाचा? चालकाचा, कारण पेट्रोल त्याचे. म्हणून इंजिन पुरते बसेपर्यंत ते न खोलणे हा काही मालकांना फायद्याचा व्यवहार वाटे. एका मालकाकडे आठ-दहा गाड्या होत्या; त्यांतल्या जुन्या गाड्या नव्या चालकांच्या गळ्यात पडत. नवा माणूस गावाकडून आलेला, त्याला ॲव्हरेज म्हणजे काय हे कळेपर्यंत सहा महिने जात. तोवर तो रोज दीड-दोन लिटरचा दंड मुकाट्याने भरीत असे आणि आपल्यालाच गाडी चालविता येत नाही असे समजत असे.

आम्ही चालकांना एक साधी गोष्ट शिकविली: टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा चोपडीत लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. आठ दिवसांच्या अशा चोपड्या घेऊन आम्ही त्या मालकाकडे गेलो. मागणी एवढीच की ॲव्हरेज ठरलेल्या आकड्याखाली उतरली तर एक तर इंजिन बांधून द्या, नाही तर शिफ्टचे पैसे त्या प्रमाणात कमी घ्या. बोलाचाली बरीच झाली. चालक पाय जड ठेवतात, पेट्रोल काढून विकतात, असे आरोप झाले. शेवटी एका गाडीवर त्यांचा माणूस बसवून दोन दिवस मोजणी केली. आकडा चोपडीतलाच आला. तीन गाड्यांची इंजिने त्या महिन्यात खोलली गेली. ज्या माणसांनी सहावीत शाळा सोडली होती त्यांनी भागाकाराच्या जोरावर ही गोष्ट मिळविली, याचे आम्हाला आजही समाधान वाटते.

भाडे ठरविण्याच्या बोलण्यांतही हाच आकडा आडवा येतो. २०१२ साली हकीम समितीने टॅक्सी-रिक्षांच्या भाड्यासाठी सूत्र मांडले. त्यात इंधन, देखभाल, गाडीची किंमत अशी कलमे होती. अशा सूत्रात लिटरला किंवा किलोला किती किलोमीटर धरावयाचे हे ठरले की निम्मे भाडे ठरलेच म्हणावयाचे. कारखान्याच्या पत्रकातला आकडा मोकळ्या रस्त्यावरचा असतो. चालकाचा आकडा मोहम्मद अली रोडवरचा असतो. कागदावर एक किलोमीटर जास्त धरला गेला की तो हजारो चालकांच्या रोजीतून कापला जातो.

फियाटला नाव बदलून 'पद्मिनी' म्हणू लागले ते १९७४ च्या सुमारास. त्याच्या आदल्याच वर्षी अरब राष्ट्रांनी तेल रोखले होते आणि जगभर कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले. मोठ्या अमेरिकन गाड्यांचे उरलेसुरले चाहतेही तेव्हा गप्प झाले. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी.चे, आणि घोडे जवळजवळ पद्मिनीइतकेच! त्यात तिचे वजन पद्मिनीहून दोनशे किलोंहूनही कमी. सी.सी.वरून जोर ओळखता येतो ही समजूत त्या दिवशी मोडली. नळीत किती मावते याइतकेच ते किती चांगल्या रीतीने जळते, यावरही इंजिनाचा जोर असतो, हे घरगुती गिऱ्हाइकाला चटकन पटले आणि तो पद्मिनी सोडून गेला.

टॅक्सीवाला मात्र राहिला. त्याला बुरसटलेला म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मघाशी जे पुढे सांगू म्हटले होते ते हेच. १९३७ च्या मापाच्या इंजिनाचा मोठा गुण असा की ते सर्वांना पाठ झाले होते. कार्ब्युरेटर फूटपाथवर उघडता येई, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट काचकागदाने घासता येत, पिस्टन-रिंगांचे माप दुकानदाराला तोंडपाठ. रात्री बंद पडलेली गाडी सकाळच्या शिफ्टला रस्त्यावर येई. गाडी उभी राहिली तर मालकाचे नुकसान होतेच, पण रोजंदारीच्या चालकाची त्या दिवशी चूलच पेटत नाही. मारुतीचे इंजिन कमी पिणारे खरे, पण मागच्या बाकावर तीन माणसे आणि डिकीत गावाकडच्या ट्रंका मावत नाहीत. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर वाचवून स्टेशनवरचे भाडे सोडावयाचे, हा व्यवहार चालकाने करून पाहिला आणि नाकारला.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. अँबॅसडरचे उत्पादन उत्तरपाड्याला मे २०१४ मध्ये बंद पडले होते. शौकीन मंडळींनी दोघींनाही आता कुशीत घेतले आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केले, आणि रविवारच्या मिरवणुकीत चकचकीत अकराशे दिसू लागल्या. कोणी अँबॅसडरमध्ये नव्वदीच्या दशकात आलेले १,८१७ सी.सी.चे इसुझू इंजिन शोधून बसवितो. शौकिनाला ओढ हवी, आवाज हवा, आणि महिन्यातून चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीची ॲव्हरेज विचारणे त्याला अरसिकपणाचे वाटते. त्याचे बरोबर आहे. पेट्रोल त्याचे आणि आनंदही त्याचाच.

पद्मिनीच्या जागी टॅक्सी म्हणून ज्या गाड्या आल्या त्यांची मापे पाहण्यासारखी आहेत. ह्युंदाईची सँट्रो झिंग १,०८६ सी.सी.; आपल्या १,०८९ पेक्षा अवघे तीन कमी. मारुतीची वॅगन आर आधी १,०६१, मागाहून ९९८. मधल्या काळात इंजिनातले सगळे बदलले, कार्ब्युरेटर गेला, संगणक आला. पण चार पॅसेंजर, सामान आणि मुंबईची गर्दी तीच, म्हणून माप हजार-अकराशेच्या आसपासच घुटमळत राहिले. आणि कोष्टकेही संपलेली नाहीत. २००६ सालापासून आपल्याकडे चार मीटरांच्या आतली आणि पेट्रोलवर १,२०० सी.सी.पर्यंतची गाडी ती 'लहान' असे करासाठी धरतात, आणि लगोलग कारखान्यांनी १,१९७ सी.सी.ची इंजिने काढली. सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाड्यांवर अठरा टक्के जी.एस.टी. आहे आणि मोठ्यांवर चाळीस. इंग्लंडच्या आठ घोड्यांची ही नात शोभते.

विजेवर चालणाऱ्या टॅक्सी आता मुंबईत दिसू लागल्या आहेत. त्यांना सिलिंडर नाही, तेव्हा सी.सी. नाही. अड्ड्यावरचा माणूस एका चार्जात किती किलोमीटर ते विचारतो, आणि बॅटरी जुनी झाल्यावर किती उरतात तेही विचारतो. शिफ्टच्या पैशांत चार्जिंगचे बिल धरावयाचे की वेगळे, आणि थकलेल्या बॅटरीचा भुर्दंड कोणी सोसावयाचा, याविषयीचा पहिला अर्ज आमच्या कचेरीत येऊन पडला आहे. सोबत चोपडी जोडलेली आहे.